हातचे दोन

कोल्हापूर, वरुणतीर्थ वेस
फाल्गुन, शके १८४२, शुक्रवार

प्रिय हाफिजा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट दोन-तीनदा उलटंसुलटं करून बघशील, हे मला इथं बसून दिसतंय. सोळा वर्षांत तुझी तीन पत्रं आली. एक लग्नानंतर मिरजेहून, एक फातिमा झाली तेव्हा आणि एक तुझे अब्बा गेले तेव्हा. तिन्ही माझ्या पेटीत नीट घडी घालून ठेवली आहेत आणि तिन्हींना उत्तर गेलेलं नाही. शाळेच्या कामात राहून गेलं असं लिहिलं तर तू भोळेपणानं विश्वास ठेवशील, म्हणून तसं लिहीत नाही. दर वेळी 'प्रिय हाफिजा' एवढं लिहायची आणि कागद फाडायची. मला लाज वाटत होती. कशाची, तेच सांगायला आज बसले आहे. तुझा भाऊ गौस उद्या सकाळच्या गाडीनं मिरजेला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. तुझा निरोप त्यानं परवा मला दिला. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी ते लिहिलं तर बाकीचं लिहायचा धीर मला होणार नाही, हे मी स्वतःला ओळखून आहे.

इकडची हालहवाल म्हणशील तर सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम झाल्यापासून वर्गात पोरी मावत नाहीत. मी आता शाळेची मुख्य बाई आहे. पोरी मला घाबरतात, आणि घाबरावं असंच माझं तोंड आहे. डोळे अधू झालेत, चष्मा लागला. आपल्या ट्रेनिंगच्या वर्गाच्या शालूबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. शेवटच्या आजारात भेटायला गेले तर मला म्हणाल्या, ती शिंप्याची हाफिजा कुठं असते ग, फार चोख पोर होती. मी म्हटलं, सुखात आहे. पण मला वाटलं यांना सगळं ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्या बिचारीला काय ठाऊक असणार होतं? ठाऊक असलेली एकटी मीच होते.

तुला आठवतं ना, वर्गात आपल्या दोघींना एका बाकावर का बसवलं होतं? तुझ्या शेजारी बसायला बाकीच्या कुरकुरत होत्या आणि माझ्या शेजारी बसायलाही. तू मुसलमानाची आणि मी लाल अलवणातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसणारी विधवा. सकाळी सकाळी माझं तोंड बघायला नको असायचं त्यांना. तू सोळा वर्षांची, मी वीस. पहिल्या दिवशी तू मला सरळ आक्का म्हणालीस. सासरी मला नावानंही कुणी हाक मारत नसे. तू आक्का म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं की मी तुझ्यावर उगाच डाफरले, नीट बस म्हणून. तू हसलीस. माझ्या डाफरण्याला हसणारी तेवढी तूच होतीस.

आणि मग तुझ्या अब्बांची अट. बाबूजमालच्या दर्ग्यापाशी त्यांचं दुकान होतं. मी एकदाच तिथं आले होते, आणि तेही पायरीवरच उभी होते. ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले होते, "पोरगी पैल्या वर्गात आली तर शिकू दे फुडं, मी आडवा येनार न्हाय. न्हाय आली तर मिरजंच्या पावण्यास्नी सबूद देऊन टाकनार. मग मला कुनी बोलायचं न्हाय." माणूस शब्दाचा पक्का. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवसांत बिरादरीतले लोक दुकानात येऊन टोमणे मारत असताना एवढी तरी अट घातली हेच खूप. पहिला वर्ग म्हणजे पाचशेपैकी तीनशे. तीनशे झाले की पुढचं वर्ष, पुढची सनद, तुझी स्वतःची नोकरी. तीनशे नाही झाले की मिरज. आपण दोघींनी त्या तीनशेचा जप केला होता.

त्या वर्षी दिवसाआड एकेका विषयाचा पेपर व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी शालूबाई व्हरांड्यातल्या फळ्यावर मार्क लिहायच्या. तुझे मार्क मला आजही पाठ आहेत. भाषेत शंभरापैकी एकसष्ट. व्याकरणात पाऊणशेपैकी अडतीस. इतिहास-भूगोलात सत्तावन्न. शिकवण्याच्या पद्धतीत पाऊणशेपैकी चोपन्न. आणि शिवणात पन्नासपैकी शेहेचाळीस, वर्गात पहिली. तपासायला आलेल्या बाई तुझी काजं उलटी करून बघत होत्या, मागची बाजू कुठली ते त्यांना कळेना. राहिलं होतं फक्त गणित, शंभर मार्कांचं, जे तुला यमाच्या दाराएवढं वाटायचं.

पेपराच्या आदल्या दुपारी तू व्हरांड्यात माझ्याकडं आलीस. किती लागतील ते सांग म्हणालीस. तू तुझी पाटी ओल्या फडक्यानं लख्ख पुसून आणली होतीस आणि ती माझ्यापुढं धरलीस. "पाटीवर मांड की आक्का, मला बी कळंल," असं म्हणालीस. मी हात पुढं केला नाही. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, मग पाटीकडं, मग ती पाटी आपल्या पदरानं कोरडी करकरीत पुसलीस आणि पुन्हा पुढं केलीस. "वाळली बघ आता. घे की."

हाफिजा, तुला कळलं होतं. ओल्या वस्तूचा विटाळ होतो आणि कोरडी चालते, हे आमच्या घरातलं शास्त्र तुला माझ्या शेजारी बसून बसून पाठ झालं होतं. आणि तू रागावली नाहीस, रुसली नाहीस, मला सोयीचं व्हावं म्हणून पाटी कोरडी करून दिलीस. तरीही मी ती घेतली नाही. मोठ्यानं म्हणाले, पंतोजींची मुलगी आहे मी, मला पाटी लागत नाही. माझ्या वडिलांनी पावकी, निमकी, अडीचकीचे पाढे माझ्याकडून काळोखात बसवून म्हणून घेतले होते, हे खरंच. वर्गात सगळ्या माझ्या तोंडी हिशेबाचं कौतुक करायच्या, तेही खरं. पण त्या दिवशी ते सगळं पांघरूण होतं. बरं, शाळेतून घरी गेल्यावर मी रोज अंघोळ करूनच स्वयंपाकघरात जायची. पाटी घेतली असती तर काही वेगळं करावं लागणार नव्हतं. जाऊबाई तिथं नव्हत्या, कुणी बघत नव्हतं. कुणाच्या धाकानं नाही, माझा हात माझ्याच मनानं मागं आला. एवढी सोळा वर्षं मी ही गोष्ट स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती.

मी डोळे मिटले आणि तोंडीच बेरीज केली. एकंची बेरीज सव्वीस. सहा ठेवले, हातचे दोन. दहंच्या घरात हातचे मिळवताना मी दोनाऐवजी तीन मिळवले. काय सांगू, कशानं मिळवले. कदाचित तुझी पाटी अजून माझ्यापुढं होती आणि मला ती तिथून जायला हवी होती, म्हणून घाई झाली. दोनशे छप्पन्नऐवजी दोनशे सहासष्ट झाले. डोळे उघडून मी तुला ऐटीत सांगितलं, चौतीस. फक्त चौतीस हवेत तुला. वर उपदेश केला तो तर तुझ्या कानात अजून असेल. दहा गणितं येतील, दहा-दहा मार्कांची. तुला हमखास येतात अशी चारच निवड. एकेक दोनदा ताडून बघ. पाचव्याला हात लावू नकोस, घाईत सगळंच बिघडवून बसशील. चार बरोबर आली की चाळीस, गंगेत घोडं न्हालं. तू चार बोटं मोजून दाखवलीस आणि पाटी पिशवीत घातलीस.

दुसऱ्या दिवशी पेपर दहा ते एक होता. माझी दहाही गणितं साडेअकराच्या आधी झाली. रिकाम्या हाताला चाळा म्हणून कच्च्या कागदावर तुझे मार्क मांडले, एकाखाली एक. पहिल्यांदाच मांडले. हातचे दोन वर लिहिले. दोनशे छप्पन्न. मला वाटलं आकडा चुकीचा लिहिला गेलाय. पुन्हा मांडले. मग उलटीकडून, खालून वर. दोनशे छप्पन्न. तुला चौतीस नव्हे, चव्वेचाळीस हवे होते. चार गणितांवर भागणार नव्हतं, पाचवं लागणार होतं.

मी मान वळवली. तू तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला होतीस. तुझा टाकही खाली ठेवून झाला होता. हाताची घडी घालून बसली होतीस, शहाण्या मुलीसारखी. घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती. तासाहून जास्त वेळ होता, हाफिजा. तू माझ्याकडं बघितलंस आणि बाकाच्या कडेला हळूच चार बोटं दाखवलीस. चार झाली. आणि मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याबद्दल मला क्षमा मागता येत नाही. बेरीज चुकते. माणूस आहे, हातचा विसरतो, जास्त धरतो. पण मान डोलावली तेव्हा मला ठाऊक होतं. मी उठून शालूबाईंपाशी जाऊ शकत होते. मी हिला चुकीचं सांगितलंय, हिला अजून एक गणित सोडवायला सांगा, एवढं म्हणायचं होतं. पेपरात बोलल्याबद्दल त्यांनी मला फार तर बाहेर काढलं असतं. माझा पहिला नंबर गेला असता. आणि सगळ्या वर्गासमोर कळलं असतं की पंतोजींच्या कालिंदीला दोन आकडी बेरीज येत नाही. मी हे सगळं तोललं. तोलायला वेळ होता, तासभर होता. मग शालूबाई फेरी मारत आल्या तशी मी तो कच्चा कागद दुमडून पायाखाली घेतला.

पाचवं गणित कोणतं होतं ते तू वाचलं तरी होतंस का? मी नको म्हटल्यावर तू वाचलंही नसशील. ती प्रश्नपत्रिका अजून माझ्यापाशी आहे. एका थानात साडेसदतीस वार कापड. एका सदऱ्याला अडीच वार लागतं. नऊ सदरे शिवल्यावर उरलेल्या कापडात पावणेदोन वाराच्या किती बंड्या होतील आणि तुकडा किती उरेल? शिंप्याच्या लेकीला हे विचारलं होतं! तू अब्बांच्या शेजारी बसून कापड बेतणारी मुलगी. तू टाक न उचलता सांगितलं असतंस, आठ बंड्या आणि वर वारभर तुकडा. वर असंही म्हणाली असतीस, की त्या तुकड्यात लहान पोराचं टोपडं निघंल.

निकाल लागला. गणितात तुला चाळीस. चारही गणितं बरोबर, एक मार्क कुठं कापलेला नाही. एकूण दोनशे शहाण्णव. शालूबाई चार मार्कांसाठी वरपर्यंत शब्द टाकून आल्या, काही झालं नाही. तू व्हरांड्यात खांबाला धरून रडलीस. तुला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, कुठल्यातरी विषयाचे मार्क आपण मला सांगताना चुकीचे सांगितले. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तू म्हणालीस, "माझंच डोस्कं कच्चं आक्का गणितात. तू एवढं सांगितलंस तरी मला जमलं न्हाय." मी काय म्हणाले ते आठवतं? मी म्हणाले, असू दे, नशिबात असतं तसं होतं. तुला जवळही घेतलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी मी ती मूठ झाकली आणि तिसऱ्या महिन्यात तू मिरजेला गेलीस. त्या वर्षीचं पहिल्या नंबराचं पुस्तक मला मिळालं. त्याची कडेला जोडलेली पानं मी आजवर कापून सुटी केलेली नाहीत, पुस्तक न वाचता तसंच आहे.

तुझा नवरा फक्रुद्दीन माणूस म्हणून चांगला आहे, तुला त्रास नाही, हे गौस सांगतो. ते ऐकून मला बरं वाटतं आणि बरं वाटल्याचीही लाज वाटते. तुझा संसार चांगला झाला म्हणून माझं पाप कमी होत नाही. तू वर्गात उभी राहून शिकवणार होतीस. शिकवण्याच्या पद्धतीत तुला चोपन्न होते आणि मला एकावन्न. आज या शाळेच्या खुर्चीत बसते तेव्हा अनेकदा वाटतं, ही हिची खुर्ची आहे.

आता फातिमाबद्दल. गेल्या जूनमध्ये ती मामाकडं राहायला आली आणि गौस तिला शाळेत घालायला घेऊन आला तेव्हा तिनं नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. तुझीच जिवणी. तिला मी वर्षभर इतर पोरींपेक्षा जास्त रागावले आहे, ती तुला सांगत असेल. ती भाषेत बरी आहे, शिवणात तुझ्यासारखी नाही, आणि गणितात वर्गातल्या पहिल्या तिघींत आहे. हे तिला स्वतःला पटत नाही. उत्तर बरोबर आलं तरी खोडते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अम्मा म्हणती आमच्या घरात बायकास्नी गणित येतच न्हाय. अम्माबी गणितानंच घरी बसली." मी तिला वर्गाबाहेर काढलं. तिनं काही केलं नव्हतं. माझ्यानं तिच्याकडं बघवेना म्हणून काढलं.

आणि परवा तुझा निरोप आला, की सोमवारच्या गणिताच्या पेपराआधीच तिला घेऊन ये, जशी मी आपटले तशी माझी पोर आपटायला नको, चारचौघांत रडायला नको. गौस तिला न्यायला शाळेत आला. मी पाठवलं नाही. तुझी मुलगी तुझ्या परवानगीवाचून अडकवून ठेवायचा मला काही अधिकार नाही, तरी पाठवलं नाही. काल दुपारी फातिमा आपले मार्क घेऊन माझ्याकडं आली, पहिल्या वर्गाला किती लागतील ते विचारायला. तिच्या हातात पाटी होती, नुकती पुसलेली, ओली. मी ती मांडीवर घेतली. अलवणाला पाण्याचा डाग पडला, पडू दे. तिचे मार्क एकाखाली एक मांडले, हातचे वर लिहिले, तीनदा ताडून बघितले आणि मग तिला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तू स्वतः बेरीज कर. तिची आणि माझी जुळली. तिला एकावन्न लागतात. सरावाच्या पेपरांत ती साठाच्या खाली आलेली नाही. तिला मी सांगितलंय, दहाच्या दहा सोडव, घंटा होईपर्यंत टाक खाली ठेवायचा नाही. पण माझं सांगणं तिच्यात मुरत नाही, कारण तिच्या मनात तुझं वाक्य आहे, आणि तुझ्या मनात ते मी घातलं. म्हणून हे पत्र. गौसबरोबर उत्तर पाठव, तो रविवारी परत येतोय. मला काही लिहू नकोस, मला हवे तेवढे शिव्याशाप दे किंवा देऊ नकोस. मुलीला मात्र दोन ओळी लिही, की अम्माची चारही गणितं बरोबर होती. चाळीसपैकी चाळीस होते. आमच्या घरात बायकांचं गणित कधीच कच्चं नव्हतं, कच्चं होतं ते कालिंदीबाईंचं. माझं नाव घालून लिही. ते पत्र तिनं माझ्यासमोर वाचलं तरी मी तिथं उभी राहीन.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी, तरीही तुझीच,
कालिंदी